बागेची ओसरी

(वनस्पतिशास्त्राच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतलं व्याख्यान)



वनस्पती-उद्यानाच्या दारात उभी राहणारी नवी इमारत हा आज माझा विषय आहे. सरांच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेत विटा-सिमेंटवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. सर तर आयुष्यभर झाडांबद्दलच बोलले. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत देशातल्या आणि परदेशातल्या जितक्या बागा मी पाहिल्या, तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. बाग जगणार की नुसती टिकणार, हे हल्ली तिच्या दारातल्या इमारतीवर ठरू लागलं आहे. तिथे लोक काय घेऊन आत शिरतात, किती वेळ रेंगाळतात, कुठल्या वाटेनं बाहेर पडतात, बागेसाठी आलेला पैसा कुठे जातो, हे सगळं त्या चार भिंतींत ठरतं. म्हणून झाडांवर प्रेम करणाऱ्यांनी या इमारतींकडे नीट बघायला हवं.

एक उदाहरण मी सविस्तर सांगणार आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं शहर आहे. तिथलं फ्रेडरिक मायर गार्डन्स अँड स्कल्प्चर पार्क हे वनस्पती-उद्यानही आहे आणि शिल्पउद्यानही. क्षेत्र १५८ एकर. माझी मुलगी त्याच राज्यात राहते, त्यामुळे तिथे जाणं-येणं झालं.

या बागेची गोष्ट किराणा दुकानापासून सुरू होते. हेंड्रिक मायर नावाचा डच न्हावी मिशिगनमधल्या ग्रीनव्हिल या लहानशा गावात स्थायिक झाला होता. महामंदीत, १९३४ साली, त्यानं किराणा मालाचं दुकान टाकलं. मुलगा फ्रेडरिक शाळकरी वयातच दुकानात राबू लागला. पुढे १९६२ साली मायर मंडळींनी किराणा आणि बाकी सगळा संसारोपयोगी माल एकाच प्रचंड छताखाली विकणारं दुकान काढलं आणि त्या दुकानांची साखळी आसपासच्या राज्यांत पसरली. त्या दुकानांत गल्ल्याच्या पलीकडे लहान मुलांसाठी एक यांत्रिक घोडा असतो, सँडी त्याचं नाव. एक सेंट टाकला की मूल त्यावर डुलतं. सगळ्याच्या किमती वाढल्या, पण सँडीचं भाडं एक सेंटच राहिलं. हा घोडा लक्षात ठेवा, पुढे दुसरा एक घोडा येणार आहे.

पश्चिम मिशिगनमध्ये वनस्पती-उद्यान व्हावं म्हणून स्थानिक उद्यानप्रेमींची संस्था बरीच वर्षं धडपडत होती. जागा हवी म्हणून ती मंडळी फ्रेड आणि लीना मायर या दांपत्याकडे गेली. मायरांनी जमीन दिली, आणि मार्शल फ्रेडरिक्स या मिशिगनच्या शिल्पकाराची आपण जमवलेली शिल्पंही दिली. झाडं आणि शिल्पं एकत्र आली ती अशी. त्यामागे कुणाचा मोठा सिद्धांत नव्हता. एकाला बाग हवी होती, दुसऱ्याकडे शिल्पं होती आणि दोघांनाही ती सगळ्यांसाठी खुली करायची होती. १९९५ साली उद्यान उघडलं. पाच मजली उंचीचं काचेचं उष्णकटिबंधीय वनस्पतिगृह हे तेव्हापासून तिथलं मोठं आकर्षण आहे. बाहेर बर्फ साचलेलं असताना आत केळी आणि ताडाच्या जातींची झाडं ओलसर उबेत उभी असतात. तिथल्या लोकांना मार्चमध्ये आत उडणारी फुलपाखरं बघून जे वाटत असेल, ते आपल्याला पहिल्या पावसात वाटतं, इतकंच मी सांगू शकतो.

आता तो दुसरा घोडा. लिओनार्दो दा विंचीनं मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी एक महाकाय ब्राँझचा घोडा करायला घेतला होता. रेखाटनांवर रेखाटनं झाली, मातीचा पूर्ण मापाचा नमुना तयार झाला. पण ओतकामासाठी राखलेला धातू १४९४ साली तोफांसाठी गेला. १४९९च्या सप्टेंबरात फ्रेंच फौज मिलानमध्ये शिरली, आणि तिच्यातल्या तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी करून तो संपवला. जवळजवळ पाच शतकांनी, १९७७ साली, चार्ल्स डेंट नावाच्या एका अमेरिकी वैमानिकानं ही हकिगत मासिकात वाचली आणि हा घोडा इटलीला आपण घडवून द्यायचा असं ठरवलं. त्या ध्यासात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. १९९४ साली तो वारला तेव्हा काम अपुरं होतं आणि पैसे संपत आले होते. मग फ्रेड मायर पुढे आले. खर्च देतो, म्हणाले, पण त्याच साच्यातून दुसरा घोडा आमच्या बागेसाठी ओता. नीना अकामू या शिल्पकर्तीनं लिओनार्दोच्या रेखाटनांचा अभ्यास करून स्वतःचा घोडा घडवला. १९९९च्या सप्टेंबरात, बरोबर पाचशे वर्षांनी, पहिला घोडा मिलानमध्ये उभा राहिला आणि पुढच्याच महिन्यात दुसरा ग्रँड रॅपिड्समध्ये.

२४ फूट उंचीचं ते जनावर आहे. मी तिथे होतो त्या दुपारी एक शाळा आली होती. मुलं घोड्याच्या उचललेल्या खुराखाली उभी राहून हात वर करत होती, कुणाचा पोचतो ते बघायला. कुणाचाच पोचत नव्हता. कुणी त्यांना 'हात लावू नका' म्हणत नव्हतं. एका सेंटात डुलणारा घोडा आणि लिओनार्दोचा घोडा एकाच माणसाला आपापल्या जागी तितकेच महत्त्वाचे वाटले, म्हणून ही बाग अशी झाली असं मला वाटतं.

२००२ साली तिथलं शिल्पउद्यान खुलं झालं. रोदॅं आहे, हेन्री मूर आहे. ओल्डनबर्ग आणि व्हॅन ब्रुगेन यांनी केलेलं लालभडक खुरपं आहे, दोन मजल्यांइतकं उंच, जमिनीत खुपसलेलं. माळीकाम करणाऱ्या कुणालाही ते पाहून मनापासून आनंद होईल. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो आय वेवे या चिनी कलावंताच्या लोखंडी झाडापाशी. मेलेल्या वेगवेगळ्या झाडांचे तुकडे घेऊन त्यांच्यावरून लोखंड ओतलेलं आणि ते तुकडे नटबोल्टांनी जोडून एक झाड उभं केलेलं. जवळ गेलं की सालीच्या भेगा दिसतात, गाठी दिसतात. एका फांदीची साल दुसरीशी जुळत नाही आणि सांध्यावर बोल्टचं डोकं उघडं असतं. त्याच्या मागे खरी झाडं होती. सर असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, यातल्या कुठल्या तुकड्याची साल ओळखता येते सांगा. मी तसा प्रयत्न केला. आणि मग मागच्या खऱ्या झाडाच्या सालीकडे जितक्या बारकाईनं पाहिलं, तितकं एरवी पाहिलं नसतं. चांगलं शिल्प बागेत हे काम करतं. ते नजर तयार करून झाडाकडे पाठवतं.

अशा बागेला गर्दी होणारच. वर्षाला साडेसात लाखांहून अधिक लोक येऊ लागले. सुरुवातीची प्रवेश-इमारत इतक्या माणसांसाठी बांधलेलीच नव्हती. तिकिटाच्या रांगा, शाळांच्या बस, उन्हाळ्यातल्या संगीत-मैफलींचे श्रोते, लग्नं, चाकाच्या खुर्चीतले ज्येष्ठ, बाबागाड्या असं सगळं एकाच दारातून. तेव्हा ११ कोटी ५० लाख डॉलरांची निधी-मोहीम हाती घेतली गेली. त्यातून जे झालं त्याचा मुख्य भाग म्हणजे नवं स्वागत-केंद्र, सुमारे ६९ हजार चौरस फुटांचं. २०२१ साली ते लोकांसाठी खुलं झालं. फ्रेड मायर २०११ सालीच गेले होते. लीना मायर जानेवारी २०२२मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी गेल्या. याच बागेतल्या शेतघराच्या आवारात त्यांच्या माहेरच्या घराची लहान मापाची प्रतिकृती आहे.

नव्या स्वागत-केंद्राचे वास्तुरचनाकार टॉड विल्यम्स आणि बिली त्सिएन. ही नावं मुंबईकरांनी ऐकलेली नसतील, पण त्यांचं काम मुंबईत आहे. अंधेरीतला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा 'बन्यन पार्क' हा परिसर याच दोघांनी रचला. तिथे जागेवर आधीपासून असलेली मोठी झाडं राखली आणि कमी उंचीच्या इमारती त्यांच्यामधून वळवत नेल्या. मुंबईसारख्या शहरात, जिथे चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तिथे झाडासाठी इमारत वाकवता येते, हे त्या परिसरानं दाखवलं आहे. ज्यांना हे साधलं त्यांनाच बागेच्या दारातली इमारत सोपवली, ही निवड मला अतिशय योग्य वाटते.

त्या स्वागत-केंद्रात शिरल्यावर काय होतं? कोट काढून ठेवायला जागा असते, आणि मिशिगनच्या थंडीत ती पहिली गरज असते. तिकीट होतं. स्वच्छतागृह शोधत फिरावं लागत नाही. मग एका दालनात तुम्ही जाऊमे प्लेन्साच्या कामासमोर येता. प्लेन्सा बार्सिलोनाचा शिल्पकार. शिकागोमध्ये लोकांचे चेहरे दिसणारं कारंजं त्यानं केलं, ते अनेकांनी फोटोत पाहिलं असेल. इथे त्यानं 'यूटोपिया' नावाचं काम केलं आहे. संगमरवरात उठावात कोरलेले तरुणींचे प्रचंड चेहरे आहेत, भिंतीएवढे. दगड इतक्या हळुवार उतारानं कोरला आहे की चेहरा कुठे सुरू होतो आणि भिंत कुठे संपते ते बोटानंसुद्धा सांगता येणार नाही. मी तिथे पाहिलं की लोक आपोआप आवाज खाली आणत होते. रांगेत धक्काबुक्की करून आलेली माणसं दोन मिनिटांत वेगळी होत होती. आणि मग बागेकडे जात होती.

हेच मला आज मांडायचं आहे. बागेच्या इमारतीनं ओसरीचं काम करावं. कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घराची ओसरी आठवा. आलेल्यानं तिथे टेकायचं, पाणी प्यायचं, दम घ्यायचा, घरातल्या चार गोष्टी विचारायच्या. मग आत जायचं. ओसरी कितीही देखणी असली तरी कुणी ती बघायला त्या घरी जात नाही. ती नसेल तर मात्र पाहुणा अवघडून उभा राहतो. बागेत आलेल्या माणसाच्या शरीराच्या गरजा आधी भागल्या पाहिजेत. ज्याला लघवी लागली आहे, तहान लागली आहे, ज्याचे गुडघे दुखतात, ज्याच्या कडेवर झोपाळलेलं मूल आहे, त्याला तुम्ही दुर्मीळ झाड दाखवू शकत नाही. म्हणून या इमारतीला मी कमी लेखत नाही. उलट, तिच्यावर नीट खर्च व्हावा, तिला चांगले वास्तुरचनाकार मिळावेत, असं माझं ठाम मत आहे. फक्त तिनं माणसाला आपल्यापाशी अडकवून ठेवू नये.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या वनस्पती-उद्यानात २०१२ साली अशीच एक इमारत झाली, वाइस आणि मॅनफ्रेडी या जोडीची. ती टेकाडाच्या कुशीत बसवली आहे. छतावर हजारो रोपं लावली आहेत. शहराच्या बाजूनं काच दिसते, बागेच्या बाजूनं बघितलं तर ऋतूप्रमाणे रंग बदलणारं गवत. विचार तोच, फक्त रस्ता वेगळा. ग्रँड रॅपिड्सची इमारत ताठ उभी आहे आणि कलाकृतीला हाताशी धरते. ब्रुकलिनची जमिनीत शिरते.

आता आपल्याकडे येऊ. सरांनी आम्हाला झाडं शिकवली ती भायखळ्याच्या राणीबागेत. वनस्पती-उद्यान आणि शिल्पं एकाच आवारात, हा प्रकार मुंबईला नवा नाही. ही बाग १८६२ सालची. तिच्या दारात १८७२ साली संग्रहालयाची इमारत उघडली, तेच आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दारातली इमारत माणसाला काहीतरी शिकवून आत सोडणारी असावी, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वी याच शहरात प्रत्यक्षात आली होती. त्यात भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांचा पुढाकार होता, आणि याचा आपण अभिमान बाळगायला हवा.

शिल्पं मात्र तिथे निराळ्या वाटेनं आली. अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला, एडगर बोह्म या शिल्पकारानं केलेला ब्रिटिश राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली आधी शहरात दुसरीकडे उभा राहिला. लोकांनी घोडेस्वाराला बाजूला ठेवून त्या सगळ्या भागालाच काळा घोडा म्हणायला सुरुवात केली. १९६५ साली तो पुतळा तिथून काढून राणीबागेत आणला. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळाही असाच आला. आणि या सगळ्यांच्या आधी आला तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो विलायतेला नेण्यासाठी उचलताना साखळदंड तुटले आणि अखंड पाषाणाचा तो हत्ती फुटला. तुकडे राणीबागेत आणले गेले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज संग्रहालयापाशी तो पाहता येतो. जवळून पाहा, सांधे दिसतात. पाठीवरून, पोटावरून गेलेल्या त्या रेषा चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांइतक्या स्पष्ट आहेत. सर आम्हाला तिथे उभं करत आणि सांगत, आधी याला बघा, मग झाडं बघायला चला. सांधा बघायची सवय लागली की पेरं, खवले, देठाचा व्रण सगळं दिसायला लागतं.

तिथून पुढे गेलं की गोरखचिंच येते, हत्तीच्या पायासारखं खोड असलेली. कैलासपतीच्या खोडावरच लगडलेली फुलं येतात. आणि उर्वशी. म्यानमारमधून जगभर गेलेलं हे झाड, लांब दांड्यांवर लोंबणारे लाल-पिवळे घोस, फुलतं तेव्हा बाकी काही बघवत नाही. उर्वशी फुलली की सर वर्गातला तास सोडून आम्हाला भायखळ्याला नेत.

२०१७पासून राणीबागेत येणाऱ्या बहुतेकांची पावलं आधी पेंग्विनच्या इमारतीकडे वळतात. मुलांना तो आनंद मिळू नये असं मी कधीच म्हणणार नाही. मीही नातवाला घेऊन गेलो, तो काचेला नाक लावून उभा राहिला. पण बाहेर आल्यावर गर्दी थेट फाटकाकडे निघाली आणि गोरखचिंचेपाशी कुणी थांबलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. त्या गर्दीत झाडांची आवड नव्हती असं नाही. तिला झाडापाशी नेणारं मध्ये काही नव्हतं. चार बाकं, एक सावलीची वाट, गोरखचिंचेच्या खोडाचा घेर हातानं मोजायला सांगणारी एक मराठी पाटी, आठवड्यातून दोनदा फिरवून आणणारा एखादा निवृत्त शिक्षक, एवढं असतं तर त्यातली निम्मी मुलं वळली असती. राणीबाग बदलण्याच्या मोठ्या योजना आल्या तेव्हा काही स्त्रिया पुढे आल्या. त्यांनी तिथल्या झाडांची नोंद केली, पुस्तक काढलं, सभांमधून प्रश्न विचारले. बाग आज जेवढी शाबूत आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. सरांना त्यांच्याबद्दल अतिशय आदर होता.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ग्रँड रॅपिड्सच्या निधी-मोहिमेतला काही भाग कायम ठेवीसाठी राखला होता, म्हणजे जिच्या उत्पन्नावर पुढे बागेची निगा होईल अशी रक्कम. आपल्याकडे इमारतीला निधी मिळतो, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, फीत कापली जाते. माळ्याच्या पगाराला देणगीदार मिळत नाही. निवृत्त झालेल्या माळ्याची जागा भरली जात नाही, कंत्राटी माणसं येतात-जातात, आणि कुठलं रोप कुठून आणलं, कुठल्या झाडाला मुळाशी पाणी साचलेलं सोसत नाही, हे ज्ञान त्या माणसाबरोबर घरी जातं. मी अशा माळ्यांना ओळखतो ज्यांना झाडाचं शास्त्रीय नाव सांगता येत नव्हतं, पण पान न बघता, सालीवर हात फिरवून ते झाड ओळखत. दारात कितीही सुंदर इमारत असली आणि आत असा माणूस नसला, तर त्या बागेला वनस्पती-उद्यान म्हणता येणार नाही.

तुमच्या गावात, तुमच्या शहरात, कुठल्याही जुन्या बागेत नवी इमारत होणार असेल तर तिचा आराखडा आधी तयार होतो. तो मागवून घ्या आणि बघा. कुठली झाडं जाणार, कुठल्या झाडांच्या मुळांवर पाया येणार, स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी प्रवेशापासून किती लांब आहे, चाकाची खुर्ची शेवटच्या झाडापर्यंत पोचते का, आणि इमारतीच्या अंदाजपत्रकाशेजारी माळ्यांसाठी किती रक्कम धरली आहे, हे लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत विचारत राहा. आणि येत्या रविवारी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी आठ वाजता राणीबागेच्या फाटकाशी यावं. सरांचे काही विद्यार्थी तिथे असतील, आपण हत्तीपासून सुरुवात करू.